मेजावरील संगणकाचा कूलर कसा निवडावा

कूलर हा शब्द उच्चारला कीं, नागपूर-अमरावतीकडील वाचकांच्या डोळ्यांपुढें खिडकींत बसविलेली ती पत्र्याची मोठी पेटी, तिच्या बाजूंस लावलेलें ओलें गवत व आंतून येणारा गार वारा हींच प्रथम उभीं राहतात. प्रस्तुत लेखाचा विषय तो कूलर नव्हे. मेजावर ठेवण्याच्या संगणकाच्या पोटांत प्रोसेसर म्हणून जो चौकोनी तुकडा असतो, त्याच्या डोक्यावर धातूचा एक ठोकळा व एक पंखा बसविलेला असतो. त्यासही बाजारांत कूलर असेंच म्हणतात, व त्याविषयीं आम्हांस येथें कांहीं सांगावयाचें आहे. नांव एक असलें तरी ह्या दोहोंची जात अगदीं भिन्न आहे, आणि हा भेद ध्यानांत आला म्हणजे अर्धा विषय समजला असें म्हणावयास हरकत नाहीं.

खिडकींतील कूलर पाण्याच्या वाफेबरोबर उष्णता घालवितो. माठांतील पाणी गार होतें तेंही ह्याच कारणानें. पाण्याची वाफ होण्यास जी गुप्त उष्णता लागते ती माठांत उरलेल्या पाण्यांतून घेतली जाते, आणि म्हणून तें पाणी भोंवतालच्या हवेपेक्षांही थंड होऊं शकतें. प्रोसेसरावरील कूलरास ही विद्या साधलेली नाहीं. तो प्रोसेसरांतील उष्णता उचलून खोलींतील हवेच्या हवालीं करतो, इतकेंच. त्यामुळें कितीही मोल देऊन तो आणला तरी प्रोसेसर खोलीपेक्षां थंड व्हावयाचा नाहीं. खोली तापली कीं प्रोसेसरही तितकाच अधिक तापतो. आमच्याकडील उन्हाळा ज्यांनीं पाहिला नाहीं अशा देशांतील परीक्षकांनीं वीस-बावीस अंशांच्या खोलींत घेतलेले आंकडे वाचतांना ही गोष्ट विसरतां कामा नये.

आतां एक सोपें गणित मांडूं. प्रोसेसर जी वीज घेतो ती जवळजवळ सर्वच्या सर्व अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. पूर्वीं घरोघरीं साठ वॉटचे तारेचे दिवे असत. जळत्या दिव्यास हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. आजचा साधा प्रोसेसर तितकीच उष्णता पोस्टाच्या तिकिटाहून लहान जागेंतून बाहेर टाकतो. कूलराचें काम मोजण्याचें माप असें कीं, दर वॉटमागें प्रोसेसर भोंवतालच्या हवेपेक्षां किती अंश अधिक तापतो हें पाहावयाचें. ह्या मापास आपण उष्णतारोध म्हणूं. ओमच्या नियमांत जें स्थान विजेच्या रोधास, तेंच येथें ह्यास आहे. वॉट हे प्रवाहाच्या जागीं व अंशांचा फरक दाबाच्या जागीं धरावा. समजा, एका कूलराचा रोध वॉटमागें ०.३५ अंश आहे. प्रोसेसर ६५ वॉट घेत असेल तर ६५ × ०.३५, म्हणजे सुमारें २३ अंश. पावसाळ्यांत खोली २६ अंशांवर असतां प्रोसेसर ४९ अंशांवर राहील. वैशाखांत खोली ४० अंशांवर गेली म्हणजे तोच ६३ अंशांवर जाईल. कूलर तोच, काम तेंच, केवळ ऋतु बदलला.

परंतु पेटीवर छापलेल्या ६५ ह्या आंकड्यावर विसंबून राहूं नये. उदाहरणार्थ, जानेवारी २०२२ मध्यें निघालेला इंटेल कंपनीचा कोअर आय-५ १२४०० हा प्रोसेसर घ्या. त्याचा मूळ आंकडा ६५ वॉट असला तरी जोर लावून काम करतांना तो ११७ वॉटपर्यंत घेऊं शकतो, व हें त्या कंपनीनेंच सांगितलें आहे. एएमडी कंपनीचा रायझेन ५ ७६०० हाही ६५ वॉटचाच म्हणून विकला जातो, पण त्याची मर्यादा ८८ वॉटपर्यंत जाते. म्हणजे वरील गणितांत ६५ च्या जागीं ११७ घालून पाहिलें पाहिजे. तसें केल्यास ०.३५ रोधाच्या कूलराखालीं वैशाखांत प्रोसेसर ८१ अंशांवर जातो. कूलर याहून दुबळा, म्हणजे वॉटमागें ०.५ रोधाचा असेल, तर ९८ अंशांच्याही वर जातो. आणि ह्या प्रोसेसराची मर्यादा १०० अंशांची आहे.

येथें विद्यार्थ्यांच्या मनांत एक भीति उत्पन्न होते व दुकानदार तिचा लाभ घेतात. ती भीति अशी कीं, आतां प्रोसेसर जळून जाणार. तसें होत नाहीं. मर्यादेजवळ येतांच प्रोसेसर आपण होऊनच आपला वेग कमी करतो, कमी वीज घेतो, व अशा रीतीनें स्वतःस सांभाळतो. तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर यंत्र बंद पडतें. ऐंशी अंश हा आंकडा आपल्या अंगाच्या ज्वरमापकाशीं ताडून पाहण्याची चूक करूं नये. सिलिकनच्या तुकड्यास ऐंशी अंश हा ज्वर नव्हे. म्हणून प्रोसेसर जितका थंड तितका कूलर चांगला, ही सर्वसाधारण समजूत आम्हांस मान्य नाहीं. एक कूलर प्रोसेसरास ६० अंशांवर ठेवतो पण घोंघावतो, दुसरा ७५ अंशांवर ठेवतो पण ऐकूं येत नाहीं. ह्या दोहोंपैकीं आम्ही दुसऱ्याचीच निवड करूं. काम तितक्याच वेगानें होत असतां वरच्या पंधरा अंशांची किंमत कानांनीं कां द्यावी?

आवाजाचा प्रश्न कित्येकांस चैनीचा वाटतो. घरीं एकच यंत्र असेल त्यास तो कदाचित् तसा असेलही. शाळेंत मात्र तो शिक्षणाचा प्रश्न आहे. आवाज मोजण्याचें माप डेसिबल हें होय, व त्याची बेरीज नेहमींच्या बेरजेसारखी होत नाहीं. सारख्या आवाजाचीं दोन यंत्रें एकत्र चालूं केलीं असतां आवाज तीन डेसिबलांनीं वाढतो. दहा यंत्रांनीं दहा डेसिबलांनीं, व वीस यंत्रांनीं तेरा डेसिबलांनीं वाढतो. दहा डेसिबलांची वाढ मनुष्याच्या कानास सुमारें दुप्पट भासते. आतां संगणकाच्या खोलींत वीस यंत्रें आहेत व प्रत्येकाचा आवाज ३० डेसिबल आहे असें धरूं. ३० डेसिबल म्हणजे घरीं रात्रीं जेमतेम ऐकूं येणारी कुजबूज. पण ऐकणारापासून सर्व यंत्रें सारख्याच अंतरावर आहेत असें मानल्यास वीस कुजबुजी मिळून ४३ डेसिबल होतात. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९९ सालीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं त्यांत, पाठ चालू असतां वर्गांतील इतर आवाज ३५ डेसिबलांपेक्षां अधिक नसावा असें म्हटलें आहे. शिवाय शिक्षकाचा आवाज ऐकणाराच्या कानाशीं त्या गोंगाटाहून निदान १५ डेसिबलांनीं वर असावा अशी अपेक्षा आहे.

शिक्षकाचें साधारण बोलणें एक मीटरवर ६० डेसिबल धरावें. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज सहा डेसिबलांनीं उतरतो. म्हणजे आठ मीटरवर तो ४२ वर येतो. भिंतींवरून परत आलेला आवाज कांहीं साह्य करतो हें खरें, तथापि तोच आवाज अक्षरें एकमेकांत मिसळूनही टाकतो. तात्पर्य, शेवटच्या बांकावरील मुलापर्यंत शिक्षकाचा शब्द व यंत्रांचा घोंगाट हीं दोन्हीं बरोबरीनें पोहोंचतात. ज्याचे कान धड आहेत तो अंदाजानें शब्द जुळवून घेतो. ज्याला थोडें कमी ऐकूं येतें तो मात्र मुकाट्यानें शेजाऱ्याच्या पडद्याकडे पाहूं लागतो, व आम्ही त्यास ‘लक्ष नाहीं’ म्हणून रागावतों. तसेंच जे दृष्टिहीन विद्यार्थी पडद्यावरील मजकूर यंत्राकडून वाचून घेऊन संगणक चालवितात त्यांचे कान हेच त्यांचे डोळे. त्यांच्या शेजारीं घोंघावणारा पंखा ठेवणें म्हणजे इतरांच्या पडद्यावर धूळ फेंकण्यासारखें आहे. ह्या वीस यंत्रांचा एकूण आवाज ३५ वर आणावयाचा तर प्रत्येक यंत्र २२ डेसिबलांवर आणलें पाहिजे. म्हणून घरीं पुरेसा शांत वाटणारा कूलर शाळेस पुरेसा असेलच असें नाहीं.

एक गोष्ट येथें प्रामाणिकपणें सांगणें अवश्य आहे. छताचा पंखा पूर्ण वेगानें फिरत असतां त्याच्याच आवाजांत संगणकाचा आवाज बुडून जातो, आणि अशा वेळीं अत्यंत महाग व अत्यंत शांत कूलराचा कोणासही उपयोग नाहीं. परंतु पावसाळ्यांत व थंडींत छताचे पंखे बंद असतात, आणि वर्षाचा बराचसा अभ्यास त्याच महिन्यांत होतो. योगायोग असा कीं त्या महिन्यांत खोलीही थंड असल्यामुळें कूलराचा पंखा सावकाश चालवितां येतो.

हा सावकाशपणाच सर्व शांततेचें मूळ आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारें १५ डेसिबलांनीं उतरतो. आणि वारा निम्मा झाला म्हणून कूलराचा रोध कांहीं दुप्पट होत नाहीं, त्याहून पुष्कळ कमी वाढतो. हा सौदा नेहमींच फायद्याचा आहे. आतां वाराही कमी होऊं नये व आवाजही कमी व्हावा असें वाटत असेल तर पंखा मोठा घ्यावा. एकाच आकृतीचे दोन पंखे घेतले, एक ९२ मिलिमीटरचा व दुसरा १२० मिलिमीटरचा, तर एकाच वेगानें फिरतांना मोठा पंखा लहानाच्या दुपटीहून अधिक हवा लोटतो, कारण हवेचें प्रमाण व्यासाच्या घनाप्रमाणें वाढतें. म्हणजे तितकीच हवा लोटण्यास मोठ्यास निम्म्याहून कमी वेग पुरतो. मोठ्या पात्यांमुळें जो थोडा आवाज वाढतो तो वजा केला तरी हिशेबानें सुमारें ९ डेसिबलांचा लाभ उरतो. कानास आवाज जवळजवळ निम्मा वाटतो. प्रोसेसराबरोबर फुकट मिळणारे कूलर बहुधा ठेंगणे, लहान पंख्याचे व थोड्या धातूचे असतात. ते निकामी नव्हेत. पत्रें लिहिणें, हिशेब करणें एवढ्या कामास ते पुरतात. पण काम वाढलें कीं त्यांना जोरानें फिरण्यावांचून गत्यंतर नसतें.

मोठा पंखा प्रोसेसरावर कसा बसवावा, हा पुढला प्रश्न. प्रोसेसर तर लहानसा. त्यावर धातूचा नुसता मोठा ठोकळा ठेवला तर ठोकळ्याच्या टोंकापर्यंत उष्णता पोहोंचत नाहीं, मधलाच भाग तापून राहतो. तांबें हें ॲल्युमिनियमपेक्षां सुमारें पावणेदोनपट चांगलें उष्णतावाहक आहे, परंतु वीतभर अंतरावर उष्णता झपाट्यानें नेण्यास तेंही अपुरें पडतें. ह्या अडचणींतून जी युक्ति निघाली ती आम्हांस संपूर्ण कूलरांतील सर्वांत सुंदर वस्तु वाटते. तिला हीट पाइप म्हणतात. बोटाहून बारीक अशी तांब्याची नळी दोन्हीं बाजूंनीं बंद करतात. आंतील हवा काढून टाकून थोडें पाणी ठेवतात. व नळीच्या आंतल्या भिंतीस तांब्याच्या कणांचा सच्छिद्र थर दिलेला असतो. हवेचा दाब नसल्यामुळें पाणी शंभर अंशांची वाट न पाहतां पुष्कळच खालच्या उष्णतामानावर उकळतें. प्रोसेसराकडील टोंकास पाण्याची वाफ होते, ती गुप्त उष्णता घेऊन नळीच्या दुसऱ्या थंड टोंकाकडे धांवते, तेथें तिचें पुन्हां पाणी होतें व ती उष्णता बाहेर टाकली जाते. हें पाणी सच्छिद्र थरांतून, दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें, मूळ जागीं परत येतें. माठाचीच विद्या ही, पण येथें पाणी खर्च होत नाहीं. ह्या कल्पनेचें पहिलें पेटंट अमेरिकेंत रिचर्ड गॉग्लर ह्यांस १९४४ सालीं मिळालें, परंतु कोणीं तिचा विशेष उपयोग केला नाहीं. पुढें १९६३ सालीं लॉस अलामॉस येथें जॉर्ज ग्रोव्हर ह्यांनीं ती स्वतंत्रपणें सिद्ध करून दाखविली. अवकाशयानांसाठीं झटून शोधलेली नळी आज शाळेच्या मेजाखालीं मुकाट्यानें काम करीत आहे.

ह्या नळ्या प्रोसेसरापासून उभ्या वर नेऊन त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चवड ओंवली म्हणजे जो उभा मनोरा होतो त्यास टॉवर कूलर म्हणतात. त्याच्या एका बाजूस १२० मिलिमीटरचा पंखा आरामांत बसतो, आणि वारा पत्र्यांमधून आडवा जाऊन कॅबिनेटच्या मागील झरोक्याकडे निघतो. ज्यांचा प्रोसेसर वर सांगितलेल्या ६५ वॉटच्या वर्गांतील आहे, त्यांस चार नळ्यांचा व एका पंख्याचा साधा टॉवर पूर्ण पुरतो, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. डीपकूल कंपनीचा एके४०० हा ह्या जातीचा आहे व त्याची उंची १५५ मिलिमीटर आहे. दीडशें वॉटच्या वर जाणाऱ्या प्रोसेसरास सहा नळ्यांचे जोड-मनोरे घ्यावे; थर्मलराइट कंपनीचा पिअरलेस असॅसिन १२० त्या प्रकारचा आहे. ऑस्ट्रियांतील नॉक्टुआ कंपनीचे कूलर शांततेविषयीं नांवाजलेले आहेत. त्यांचा चहाच्या डागासारखा तपकिरी रंग कित्येकांस आवडत नाहीं. परंतु बंद पेटींत रंग कोण पाहतो? त्यांची किंमत मात्र सामान्य विद्यार्थ्याच्या आवांक्याबाहेरची आहे. त्याच कंपनीनें २०२१ सालीं पंखा मुळींच नसलेला एनएच-पी१ नांवाचा सुमारें १,१८० ग्रॅम वजनाचा कूलर काढला. त्याचे पत्रे जाड व एकमेकांपासून दूर आहेत, कारण तापलेली हवा आपल्याच हलकेपणानें वर चढावी लागते. पत्र्यांच्या अंतराची ही गोष्ट साधा टॉवर घेतांनाही पाहावी. दाट पत्र्यांना जोराचा वारा लागतो. विरळ पत्रे सावकाश वाऱ्यावरही काम देतात, आणि आमच्याकडील धुळीनें लवकर बुजत नाहींत.

पाण्यानें थंड करणाऱ्या कूलरांची हल्लीं फार हौस दिसते. नळ्यांतून पाणी खेळते, रंगीत दिवे लागतात, व घेणारास आपण आगगाडीचें इंजिन विकत घेतल्याचें समाधान मिळतें. वस्तुतः पाणी उष्णता केवळ दुसऱ्या जागीं नेतें. तेथें ती हवेंत सोडण्यास पुन्हां पत्रे व पंखेच लागतात. भरीस भर म्हणून पाणी फिरविणाऱ्या पंपाची बारीक गुणगुण सदैव चालू राहते. रबरी नळ्यांतून पाणी वर्षानुवर्षें अगदीं थोडें थोडें उडून जातें, आणि पंप बंद पडला कीं कूलरांत कांहींच उरत नाहीं. टॉवराचा पंखा बंद पडला तरी धातू व नळ्या आपल्यापरी कांहीं काम करीतच राहतात. ज्यांच्याकडे २०२३ सालीं निघालेल्या कोअर आय-९ १४९००के सारखा २५३ वॉटपर्यंत जाणारा प्रोसेसर आहे त्यांनीं पाण्याचा विचार जरूर करावा. इतरांनीं तो पैसा मेमरीवर किंवा चांगल्या पॉवर सप्लायवर खर्च करावा. वडिलांनीं काटकसर करून जो संगणक घेऊन दिला, त्याच्या प्रोसेसराच्या किंमतीच्या पांचव्या हिश्श्याहून अधिक रक्कम कूलरावर घालणें आम्हांस तरी उधळेपणाचें वाटतें.

पेटीवर छापलेल्या आंकड्यांविषयीं थोडें सांगून पुढें जाऊं. ‘अमुक वॉटपर्यंत चालतो’ व ‘अमुक डेसिबल आवाज करतो’ असें प्रत्येक कंपनी छापते; पण मोजण्याची रीत, अंतर व खोली प्रत्येकीची निराळी. म्हणून एका कंपनीच्या आंकड्याची दुसरीच्या आंकड्याशीं तुलना करणें व्यर्थ आहे. एकाच परीक्षकानें एकाच प्रोसेसरावर, आवाज सारखा ठेवून, अनेक कूलरांचीं उष्णतामानें दिलेलीं असतील तरच तो तक्ता वाचण्याजोगा. ‘आवाज सारखा ठेवून’ हे शब्द विसरूं नयेत. पूर्ण वेगानें घेतलेल्या परीक्षेंत जो आरडाओरडा करतो तोच पहिला येतो.

विकत घेण्यापूर्वीं फूटपट्टी हातीं घेणें अवश्य आहे. कॅबिनेटमध्यें किती उंचीचा कूलर मावतो हें त्याच्या माहितीपत्रकांत दिलेलें असतें. टॉवर सामान्यतः १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात, आणि अरुंद कॅबिनेटमध्यें ते मावतच नाहींत. झांकण लागत नाहीं म्हणून यंत्र उघडेंच वापरणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. अशा ठिकाणीं खालच्या बाजूस वारा सोडणारा ठेंगणा कूलर घ्यावा. पंखा मेमरीच्या पट्ट्यांवर आडवा येतो काय, हेंही पाहावें. दुसरें, प्रोसेसराचें सॉकेट. इंटेलच्या २०२० सालच्या एलजीए १२०० सॉकेटाभोंवतींचीं छिद्रें ७५ मिलिमीटरांच्या चौकोनांत असत; २०२१ सालच्या एलजीए १७०० पासून तीं ७८ मिलिमीटरांवर गेलीं. तीन मिलिमीटरांचा फरक डोळ्यांस दिसत नाहीं, पण जुना कूलर त्यायोगें बसत नाहीं. नवी कडी निराळी मागवावी लागते. एएमडीच्या एएम४ साठीं केलेले बहुतेक कूलर २०२२ सालच्या एएम५ वर चालतात. कांहीं तयार यंत्रांत मदरबोर्ड व पंख्याची जोडणी त्या त्या कारखान्याच्या खास घडणीचीं असतात. तेथें बाजारांतील कूलर बसेलच असें धरून चालूं नये.

बसवितांना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. कूलराच्या तळास चिकटवलेला पारदर्शक कागद आधीं सोलून काढावा. तो तसाच ठेवून यंत्र तापतें म्हणून दुकानीं परत नेणारे थोडे नाहींत. दुसरी गोष्ट थर्मल पेस्टची. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांमध्यें सूक्ष्म फटी राहतात व त्यांत हवा असते, आणि हवा उष्णतेची फार दुष्ट वाहक आहे. पेस्ट हवेच्या शंभरपटींहून अधिक चांगली वाहक असल्यामुळें त्या फटी तिनें भरावयाच्या. लहान वाटाण्याएवढी पुरे; लोण्यासारखी जाड थापूं नये, कारण पेस्ट हवेपेक्षां चांगली असली तरी धातूपेक्षां पुष्कळच वाईट आहे. स्क्रू एकदम एकाच बाजूनें न आवळतां समोरासमोरचे थोडे थोडे आवळावे. पंख्याची दिशा पाहावी: ज्या बाजूस पंख्याच्या मध्यास धरणाऱ्या दांड्या दिसतात त्या बाजूनें वारा बाहेर पडतो. कॅबिनेटच्या पुढून थंड हवा आंत व मागून गरम हवा बाहेर, हा ओघ असावा. तो नसेल तर उत्तम कूलरही स्वतःनेंच तापविलेली हवा पुन्हां पुन्हां घेत बसतो, व दोष मात्र कूलरास लागतो.

इतकें करूनही पुष्कळांचें यंत्र मधूनमधून एकाएकीं घोंघावतें व पुन्हां गप्प होतें. प्रोसेसराचें उष्णतामान एका क्षणांत वीस अंश चढतें व उतरतें, आणि पंखा त्याच्या पाठीमागें धांवतो. एकसुरी आवाजाची कानास संवय होते. चढउतार करणाऱ्या आवाजाची होत नाहीं, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सुधारावी. चार तारांचा पंखा असल्यास मदरबोर्डाच्या बायोसमध्यें त्याचा वेग उष्णतामानाप्रमाणें ठरवून देतां येतो. ६० अंशांपर्यंत वेग जेमतेम एकतृतीयांश ठेवावा, ७५ अंशांपर्यंत हळूहळू निम्म्यावर न्यावा, आणि पूर्ण वेग ९० अंशांच्या पुढेंच द्यावा. वेग बदलण्यापूर्वीं कांहीं सेकंद थांबण्याची सोयही पुष्कळ मदरबोर्डांत असते. तिचा उपयोग करावा. उन्हाळ्यासाठीं हे आंकडे थोडे वाढवावे लागतील.

ज्यास कूलरावर एक रुपयाही खर्च करतां येत नाहीं त्यानें उलट बाजूनें जावें. बायोसमध्यें प्रोसेसराची वीज घेण्याची मर्यादा ठरवितां येत असल्यास ती ११७ ऐवजीं ६५ वॉट करावी. मोठ्या कामांत वेळ थोडा अधिक लागतो. लेखन, वाचन, शिक्षण ह्यांत फरक जाणवतही नाहीं. आणि फुकट मिळालेला कूलरही शांतपणें काम करूं लागतो. शाळांच्या यंत्रांसाठीं आम्ही हा उपाय पहिला सुचवूं, कूलर नंतर.

धुळीविषयीं निराळें सांगावयास नको. दर सत्राच्या आरंभीं यंत्र बंद करून, तार काढून, मऊ कुंचल्यानें पत्र्यांतील धूळ काढावी. हवा मारून साफ करावयाचें असेल तर पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं, नाहींतर तीं भलत्याच वेगानें फिरून त्यांचा आंस झिजतो. जुनी पेस्ट वाळून गेली असल्यास ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून नवी लावावी.

शेवटीं परीक्षा अशी घ्यावी. रात्रीं, छताचा पंखा बंद करून, प्रोसेसरास वीस मिनिटें पूर्ण काम द्यावें व त्याचें उष्णतामान पाहावें. खोलीचें उष्णतामानही टिपून ठेवावें, म्हणजे वैशाखांत तें किती चढेल ह्याचा हिशेब वरील गणितानें करतां येईल: खोली जितके अंश वाढेल तितके यांतही मिळवावे. वाऱ्याचा एकसारखा सूं आवाज आला तर तो वेगानें कमी करतां येईल. खडखड ऐकूं आली तर प्रथम एखादी तार पात्यास लागते काय तें पाहावें. बहुधा तेंच कारण असतें, आणि एका दोऱ्यानें ती बांधून टाकली कीं काम होतें.